बिनभिंतींचं दार

आमच्या मद्रासच्या घरमालकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, प्रवास कसा झाला हेही विचारलं नाही. हातातली ट्रंक मी अजून खाली ठेवली नव्हती, तोच ते म्हणाले, ‘‘घर कोण्या नंबरानें सांपडलें? नव्या कीं जुन्या?’’

आम्ही नवराबायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिरुवल्लिक्केणीच्या गल्ल्यांतून भर उन्हात सायकलरिक्षावाल्याशी हातवारे करत आम्ही फिरत होतो. घर कसं सापडलं ते त्या रिक्षावाल्यालाच ठाऊक. मी म्हटलं, ‘‘विचारत विचारत आलो.’’

त्यांनी डोळे मिटले. ‘‘तीस वर्षें मी चाकरी केली, बाई,’’ ते म्हणाले, ‘‘ती कोणांस विचारत विचारत जावें लागूं नये म्हणून.’’

ते नगरपालिकेच्या घरनंबर खात्यातून निवृत्त झाले होते. कुठल्या घराला कोणता नंबर, जुना कुठला, नवा कुठला, एका घराची दोन घरं झाली तर धाकट्याला काय द्यायचं, हा सगळा त्या खात्याचा कारभार. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी हार घालून घेतला, भाषणं ऐकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन ते पुन्हा कामाला लागले. कोणाच्या दारावरचा आकडा पुसट झालेला दिसला की न विचारता तो गिरवायचा. घरातून कोणी डोकावलं तर ‘‘सरि, सरि, संपलें,’’ म्हणत पुढच्या दाराकडे सरकायचं. तमिळ लोक तिकडच्या मराठी माणसांना रायर म्हणतात. यांना अख्खी गल्ली नंबर रायर म्हणायची. मी काका म्हणायची.

त्यांच्या पूर्वजांनी कधीकाळी तंजावरला जाताना जे मराठी बरोबर नेलं होतं, तेच या घराने नीट घडी घालून वापरलं होतं. मी नगरची, बी.ए. झालेली, मराठीचा तोरा भारी. पण काकांनी ‘‘असकीं जेवलांत कीं?’’ असं विचारलं की माझी विकेट पडायची. असकीं म्हणजे सगळे, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर मी दोन दिवस नुसतीच हसून मान हलवत होते.

माणसं ते नंबरांनी ओळखत. ‘‘एकोणिसास कन्या जाहली,’’ ते मला जिन्यात गाठून सांगायचे. ‘‘तेहतिसाचें पित्त खवळलें आहे, आज त्या बाजूस जाऊं नका.’’ आमचं घर सत्तावीस. आम्ही सत्तावीस माडी. माझे यजमान पहाटे उठून सेंट्रल स्टेशनला जायचे आणि तिथून गाडीने शहराबाहेर आवडी नावाच्या गावी, कारखान्यात. काकांना ते बिचारे वाटायचे. नोकरी आवडीला आणि घर इथे, म्हणजे माणूस कुठल्या नंबरचा, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

एक वाक्य ते इतक्यांदा बोलले होते की मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं. ‘‘नंबर नाहीं म्हणजे घर नाहीं, ऐसें नव्हे, बाई. नंबर नाहीं म्हणजे आम्हीं पाहिलें नाहीं.’’

आता त्या घराला बाहेरून काय होतं ते सांगते. त्या भागातल्या जुन्या घरांना रस्त्याच्या कडेला, दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक ऐसपैस ओटा असतो. लाकडी खांब, वर कौलांची पडवी. त्याला तिण्णै म्हणतात. रीत अशी की तिण्णै बांधायची घरवाल्याने आणि वापरायची वाटेवरच्याने. चालून दमलेल्याने टेकावं, यात्रेकरूने रात्र काढावी, कोणी कुणाला विचारायचं नाही. काका म्हणायचे, ‘‘घर धन्याचें, तिण्णै वाटसरूची.’’

पण मी गेले तेव्हा वाटसरू बदलले होते. पाऊस नाही म्हणून गाव सोडलेली माणसं शहरात येत होती, नदीकाठच्या झोपड्या जळून उघड्यावर पडलेली येत होती. ती फुटपाथवर पथारी टाकत. तिथून उठवलं की कोणाच्या तरी तिण्णैवर. त्याबरोबर गल्लीची रीतही बदलली. समोरच्या अठ्ठावीस नंबरच्या मामी रोज जेवायच्या आधी कावळ्याला भात ठेवायच्या, कावळा आला नाही तर ताटावर बसायच्या नाहीत. त्याच मामी संध्याकाळी तिण्णैवर दोन बादल्या पाणी ओतायच्या, ओल्या दगडावर कोणी झोपू नये म्हणून. एकतिसाने काचा रोवल्या. मग लोखंडी जाळ्यांची लाट आली. गल्लीच्या संघाचे सेक्रेटरी होते, निवृत्त हेडक्लार्क, त्यांनी स्वतःच्या तिण्णैला छतापर्यंत जाळी ठोकली आणि जाळीवाल्याला घेऊन घरोघर फिरू लागले.

आमच्याकडेही आले. जाळीवाल्याने नमुन्यांचं पुस्तक उघडलं. मोराची जाळी, कमळाची जाळी. काकांनी चष्मा लावून पानन्‌पान पाहिलं आणि फार आदराने विचारलं, ‘‘हें आंत कोणांस कोंडण्यासाठीं?’’

‘‘कोंडायला नाही, रायरे. बाहेरच्यांना बाहेर ठेवायला.’’

‘‘बाहेरचे बाहेरच आहेत कीं,’’ काका म्हणाले. ‘‘जाळींत तुम्हीच दिसतां.’’

जाळीवाला हसला. सेक्रेटरी हसले नाहीत.

पुढे एका दुपारी कालव्याकाठच्या झोपड्यांना आग लागली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या डाव्या तिण्णैवर मुनियम्मा आली. पस्तिशीची असेल. एक ॲल्युमिनियमचं भांडं, एक चादर आणि डोळ्यांनी जेमतेम दिसणारी म्हातारी आई, एवढं घेऊन. काका बाहेर गेले, तिला पाहिलं, घरात येऊन पाण्याचा तांब्या भरून तिच्याजवळ ठेवला आणि रंगाचा डबा घेऊन फिरायला निघून गेले. एक अक्षर विचारलं नाही.

मी विचारलं नाही ते वेगळ्या कारणाने. मला ती नको होती. इथे लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. जिन्याच्या तोंडाशी दोन बायका झोपलेल्या, म्हाताऱ्या बाईचा खोकला वर ऐकू यायचा, वाळत घातलेलं लुगडं खांबाला फडफडायचं. माझे आईवडील नगरहून येणार होते. मुलीने मद्रासला कसलं घर घेतलंय, असं ते म्हणतील याची मला लाज वाटत होती. मी भाजी आणायला जाताना पदर आवरून, नजर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला लावून त्यांच्यापुढून जायची. महिनाभर गेले आले, पण तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत हे मला माहीत नव्हतं. इतकं मी तिला बघितलं होतं.

म्हणून सेक्रेटरी अर्ज लिहून मागायला आले तेव्हा मी आनंदाने लिहिला. गल्लीत इंग्रजी येणारे पुष्कळ होते, पण बी.ए. झालेली सून मी एकटी, आणि ‘‘तुमच्यासारखं इंग्रजी आमच्याकडे कोणाला?’’ म्हटल्यावर मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. नगरपालिकेला अर्ज. सत्तावीस नंबरच्या व्हरांड्यावर अनधिकृत इसमांनी कबजा केला आहे, त्यामुळे सभ्य वस्तीचं आरोग्य आणि नीती धोक्यात आली आहे. ‘अनडिझायरेबल एलिमेंट्स’ असे शब्द मी घातले. दोनदा वाचून पाहिले आणि मला ते फार शोभून दिसले. खाली पहिली सही माझी. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीचीच तक्रार, म्हणजे वजन जास्त, असं सेक्रेटरी म्हणाले.

अर्ज सह्यांसाठी घरोघर फिरला आणि कोणा शहाण्याने तो काकांच्याच हातात दिला.

संध्याकाळी काकांनी मला खाली हाक मारली. अर्ज त्यांच्या मांडीवर. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. त्यांनी कानावरची लाल पेन्सिल काढली.

‘‘बाई, येथें तुम्हीं चौदा लिहिलें आहे. चौदा हा जुना नंबर. नवा सत्तावीस. एका अर्जांत एकदां चौदा, एकदां सत्तावीस. कारकून गोंधळेल, कागद बाजूस ठेवील.’’ त्यांनी चौदावर रेघ मारली. ‘‘आणि गल्लीचें नांव पूर्ण लिहावें. या शहरांत या नांवाच्या तीन गल्ल्या आहेत.’’

‘‘काका, हा अर्ज तुमच्याविरुद्ध आहे,’’ मी म्हटलं.

‘‘तें मी वाचलें. इंग्रजी बेश आहे.’’ त्यांनी कागद माझ्याकडे दिला. ‘‘शुद्ध लिहून आणा. मी उद्यां त्या बाजूस जाणार आहें, टपालांत टाकतों.’’

आणि टाकला! स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच्या हाताने, पत्ता तपासून. मी गॅलरीतून पाठमोरे काका बघितले आणि मला स्वतःची शरम वाटली. पण शरम वाटली म्हणून मी अर्ज मागे घेतला, असं काही झालं नाही. मी वर जाऊन आमटीला फोडणी दिली.

मुनियम्मा एका सरकारी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात बदली म्हणून काम करायची. कायमची आया रजेवर गेली की हिला बोलावत. त्या दिवसांत एक जागा कायमची निघाली. तिथल्या नर्सबाईंनी हिचंच नाव सुचवलं. हिला फॉर्म दिला. फॉर्म भरायचा होता पंधरा दिवसांत आणि सोबत नगरपालिकेचा राहत्या पत्त्याचा दाखला हवा होता. तिने तो फॉर्म काकांपुढे ठेवला. मी जिन्यात होते.

‘‘सामी, पत्ता काय लिहू?’’

काका फॉर्मकडे बघत बसले. मी जिन्यातूनच सल्ला दिला. तिचं बोलणं कळण्याइतकं तमिळ मला यायला लागलं होतं. ‘‘सत्तावीस लिहा ना, काका. घरात कामाला ठेवलीय म्हणून सांगा. कोण बघायला येतंय?’’

त्या दिवशी मी काकांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. आवाज चढला नाही, पण फॉर्म त्यांनी पालथा ठेवला. ‘‘ती माझी चाकर नव्हे. घरांत ती राहत नाहीं. ती तिण्णैवर राहते. खोटा पत्ता मी आजवर लिहिला नाहीं, बाई.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘खरा मात्र पुष्कळांचा लिहिला नाहीं. तीस वर्षें या शहरास नंबर घालत फिरलों. प्लॅटफारमावर, रस्त्याच्या कडेस, असकीं निजलेलीं असत, बायका, म्हातारीं. साहेब म्हणे, रायर, पाय सांभाळा. मी पाय सांभाळून त्यांस ओलांडलें. पुढल्या भिंतीवर नंबर घातला.’’

दुसऱ्या दिवशी कोट चढवून, छत्री घेऊन ते आपल्या जुन्या कचेरीत गेले. आमच्या डाव्या तिण्णैला वेगळा नंबर द्या, सत्तावीस बाय एक. तिथल्या माणसांनी त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि हसू आवरलं. हाताखाली शिकलेला एक कारकून म्हणाला, ‘‘रायरे, नियम तुम्हीच आम्हाला पाठ करायला लावलात. ज्याला रस्त्याकडे स्वतंत्र दार, त्याला स्वतंत्र नंबर. तुमच्या तिण्णैला दार कुठंय?’’

काका घरी आले. कोट न काढता घरातलं एकेक दार बघत फिरले. माजघराच्या दाराशी थांबले. फणसाच्या लाकडाचं, एका फळीचं, पितळी कडीचं दार. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला आणि त्याने ते चौकटीसकट उचकटलं. दुपारपर्यंत ते डाव्या तिण्णैवर, पायरीच्या वर, दोन खांबांच्या मधे उभं राहिलं होतं.

नुसतं दार. डावीकडे भिंत नाही, उजवीकडे भिंत नाही, मागे तेवढी घराची. दोन्ही बाजूंनी गाय आरपार गेली असती. सगळी गल्ली गोळा झाली. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘एन्न रायरे, डोकं फिरलं का? याला भिंती कुठायत?’’

‘‘नियमांत भिंतींविषयीं कांहीं नाहीं,’’ काका म्हणाले, आणि काळ्या रंगाने त्यांनी दारावर आकडा काढला. सत्तावीस, आडवी तिरपी रेघ, एक. इतका सुबक आकडा मी त्या गल्लीत दुसरा पाहिला नाही.

मी खरंच सांगते, मला वाटलं म्हातारा वेडा झाला. माझे यजमान म्हणाले, आपण दुसरं घर बघू.

पण काका एवढ्यावर थांबले नाहीत. घर म्हटलं की गृहप्रवेश आला. पंचांग बघून त्यांनी मुहूर्त काढला आणि चांदीच्या तबकात कुंकू, अक्षता, चंदन घेऊन ते गल्लीतल्या प्रत्येक घरी आमंत्रणाला गेले. तिकडे नव्या घरात आधी चुलीवर दूध तापवून उतू घालवतात, आणि त्या दुधाचं बोलावणं नाकारणं म्हणजे घराला अपशकुन करणं. पाणी ओतणाऱ्या मामी काय, काचा रोवणारे काय, अपशकुन करायची छाती एकाचीही नव्हती. तबकातलं कुंकू लावून घेतलं म्हणजे यायचंच. सेक्रेटरी आले. त्यांच्या घरचे आले. मीही जरीचं नेसून खाली उतरले.

तीन विटांच्या चुलीवर मुनियम्माने दूध ठेवलं. आंब्याच्या पानांचं तोरण दाराला, खाली तिनेच काढलेली रांगोळी. काका दाराशी उभे राहून एकेकाला ‘‘वांगो, आंत वांगो,’’ म्हणत बोलावत होते. आणि मग मी ते पाहिलं. मामी आल्या. त्या बाजूने सरळ चढल्या असत्या, मोकळंच होतं. पण त्या दाराशी आल्या, चपला काढल्या, चौकट खुजी म्हणून डोकं लववलं, उजवं पाऊल आधी टाकलं आणि आत गेल्या. त्यांच्यामागून सगळे तसेच गेले. एकजण बाजूने चढला नाही. दूध मामींनी घेतलं नाही, तेवढा त्यांचा कर्मठपणा राहिला. पण विडा आणि नारळ त्यांनी ओटीत घेतला आणि म्हाताऱ्या आईला, ‘‘घर छान आहे,’’ असं म्हणून गेल्या. म्हातारी दार चाचपत बसली होती. तिला त्याचं लाकूड आवडलं असावं.

त्या दिवसापासून गल्लीत जे घडलं ते मी दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर खोटं म्हटलं असतं. दूधवाला तिण्णैच्या कडेवर सायकल टेकवायचा, तो आता दारापासून हातभर लांब टेकवू लागला. पोरं ओट्यावर उड्या मारायची, ती बंद झाली. पूर्वी मुनियम्मा जेवत असली तरी लोक उभ्याउभ्या बघत, एखादा हटकायचाही. आता दार लावलेलं असलं की लोक मान दुसरीकडे वळवायचे. तेच ताट, तीच बाई, तितकीच दिसणारी. पण दार लावलंय म्हटल्यावर कोणाच्या घरात डोकवायचं नसतं, हे त्यांच्या आईने त्यांना लहानपणी शिकवलेलं होतं.

आणि मी? एका दुपारी आमच्याकडे हळद संपली. मी खाली उतरू लागले, मुनियम्मा तिच्या आईचे केस विंचरत बसलेली मला जिन्यातूनच दिसत होती. मी तिथूनच हाक मारू शकले असते. मी पाच पायऱ्या उतरून वळसा घेऊन दाराशी गेले आणि कडी वाजवली. तिने दार उघडलं. तेव्हा मी तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिला, देवीच्या वणांसकट. तिने हळद दिली, पुडी बांधून. मी वर आले आणि मला भयंकर रडू आलं. अर्ज आठवला.

तो अर्ज, काकांनी पत्ता शुद्ध केल्यामुळे, बरोबर ठिकाणी पोचला होता. फॉर्मची मुदत संपायला तीन दिवस होते तेव्हा नगरपालिकेचा अधिकारी आला. एकाच फायलीत दोन कागद होते. एक काकांचा, सत्तावीस बाय एक हा नंबर मिळावा म्हणून. दुसरा माझा, सत्तावीसची तिण्णै रिकामी करावी म्हणून. दोहोंतला एक खरा ठरवायचा होता. नंबर मिळाला तर दाखला, दाखला मिळाला तर नोकरी. नाही तर त्या दोघी पुन्हा फुटपाथवर. हे मुनियम्माला ठाऊक होतं. ती दार लावून आत बसली होती, आईचा हात धरून.

काका आमच्याच उजव्या तिण्णैवर बसले. मी त्यांना म्हटलं, ‘‘काका, बोला तुम्ही.’’ ते म्हणाले, ‘‘मी धनी. माझी साक्ष चालत नाहीं.’’ आणि त्यांनी मूग गिळले ते गिळलेच.

अधिकारी तरुण होता, टाय लावलेला. दाराभोवती दोनदा फिरला. मग त्याने माझा अर्ज मोठ्याने वाचला. माझं इंग्रजी भर गल्लीत ऐकताना माझे कान तापले. ‘अनडिझायरेबल एलिमेंट्स’ला त्याने जरा जोर दिला. सेक्रेटरी मान डोलवत होते.

‘‘पहिली सही वरच्या भाडेकरणीची आहे. कोण त्या?’’

‘‘मी,’’ मी म्हटलं. ‘‘सहीच नाही, अर्जच माझा आहे. सगळा मी लिहिला.’’ हे इंग्रजीत म्हटलं. मग मला वाटलं, हे मुनियम्माला कळलं पाहिजे. मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये पुन्हा सांगितलं, दाराकडे तोंड करून. ‘‘हे मी लिहिलं. लिहिलं तेव्हा मी या बाईशी एक शब्द बोलले नव्हते. खोटं आहे ते. ही इथं राहते. हे तिचं घर आहे. मी याची कडी वाजवून हळद मागून नेलीय. माझी सही खोडा.’’



‘‘सही खोडता येत नाही,’’ अधिकारी म्हणाला. ‘‘खाली दुसरं लिहिता येतं.’’ त्याने पेन दिलं. मी भिंतीला कागद लावून लिहिलं. अक्षर घाणेरडं आलं. बी.ए. वगैरे काही उपयोगी पडलं नाही.

सेक्रेटरी पुढे झाले. ‘‘एका बाईच्या म्हणण्यावर काय ठरतं? हे घर आहे का? डोळे आहेत ना तुम्हाला?’’

आणि समोरून, अठ्ठावीसच्या दाराआडून, मामींचा आवाज आला. मामींना कधी पुरुषांच्या बोलण्यात बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. ‘‘पाल काच्चिनाळे! दूध तापवलंय तिनं तिथं! नारळ घेतलाय आपण असक्यांनी. तुम्हीही घेतलात. खोबऱ्याची बर्फी केली घरी त्याची. घर नव्हतं तर नारळ कसला घेतलात?’’ असकीं हा शब्द मामींनी अर्थातच तमिळमध्ये म्हटला असणार. पण मला तो काकांच्याच मराठीत ऐकू आला.

सेक्रेटरींना ते पटलं नाही. शेवटपर्यंत पटलं नाही, हेही लिहून ठेवते. ते छत्री उघडून निघून गेले आणि त्यांची जाळी पुढेही तशीच राहिली.

नंबर मिळाला. दाखला मिळाला. मुनियम्मा इस्पितळात कायमची आया झाली आणि काही वर्षांनी तिला खोली मिळाली, तिथे तिची आई वारली. आमच्यात अर्जाविषयी पुढे एकदाच बोलणं झालं. ती म्हणाली, ‘‘अम्मा, तुम्ही लिहिलंत हे मला वाईट वाटलं. सांगितलंत हे बरं केलंत.’’ दोन्ही वाक्यं तिने सारख्याच आवाजात म्हटली, आणि मी दोन्ही पदरात घेतली. काका तर कधीच गेले. हे सगळं आधी उरकून टाकते, कारण मला जे सांगून थांबायचं आहे ते त्याच्या आधीचं आहे, अधिकारी आला त्याच सकाळचं.

मामी बोलून आत गेल्यावर अधिकाऱ्याने काकांकडे पाहिलं. काका जुन्या शिस्तीत उठले आणि फक्त एवढंच म्हणाले, ‘‘पाहणीचा शेवटचा नियम, साहेब. दार वाजवावें. आंतून जबाब आला तर घर.’’

अधिकाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. मुनियम्मा त्याच्यापासून दोन हातांवर बसलेली होती. मान जरा तिरकी केली असती तर ती त्याला नखशिखांत दिसली असती. तो ओशाळा झाला. मग त्याने टाय सारखा केला, दारासमोर नीट उभा राहिला आणि कडी वाजवली.

काकांनी डोळे मिटले होते. त्या बाईला जन्मभर लोकांनी विचारलं होतं, कोण तू, इथं काय करतेस, ऊठ. पोलिसांनी विचारलं होतं, दुकानदारांनी विचारलं होतं, मी कागदावर विचारलं होतं.

‘‘यारु?’’ दारामागून मुनियम्मा म्हणाली. कोण आहे?

अधिकाऱ्याने आपलं नाव सांगितलं. मग खातं सांगितलं. मग हुद्दा सांगितला.

‘‘थांबा,’’ ती म्हणाली. तिने आईच्या अंगावरची चादर सारखी केली, केस बांधले, भांडं भिंतीशी सरकवलं. तोवर नगरपालिकेचा तो माणूस फाईल छातीशी धरून दाराबाहेर उभा राहिला.